मुका बैल, पूर्वपक्ष आणि पेंढा : थॉमस अक्वायनसविषयी

ओसरीवरून

थॉमस अक्वायनस याचा ‘सुम्मा थेओलॉजिए’ हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ कुठेही उघडावा, प्रकरणाचे पहिले वाक्य लेखकाच्या मताविरुद्धच असते. ‘ईश्वर आहे काय’ या प्रकरणाची सुरुवात ‘असे दिसते की ईश्वर नाही’ अशी होते, आणि हे लिहिणारा तेराव्या शतकातील एक डॉमिनिकन संन्यासी असतो, ज्याला पुढे चर्चने संतपद दिले. गेले वर्षभर मी हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरातून रोज थोडा थोडा वाचतो आहे. मी ख्रिस्ती नाही. मीमांसकांच्या अधिकरणाची (वेदार्थाच्या एकेका मुद्द्यावरील चर्चेची) रचना समजून घेत असताना, म्हणजे विषय, संशय, पूर्वपक्ष (विरुद्ध बाजूचे म्हणणे), सिद्धान्त ही चाल ओळखीची होत असताना, एका स्नेह्याने ‘मग हेही वाचून पाहा’ असे सुचवले आणि सवय लागली. मराठीत या माणसाविषयी फारसे लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडे चरित्र. थॉमसचा जन्म १२२५ च्या सुमारास रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान असलेल्या रोकासेक्का येथील गढीत झाला. घराणे सरदारांचे, आणि हा धाकटा मुलगा. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे धाकट्याला धर्माकडे लावायचे ठरले आणि पाचेक वर्षांचा असतानाच त्याला माँते कासिनो येथील बेनेडिक्टाइन मठात ठेवण्यात आले. घरच्यांच्या मनात तो पुढेमागे त्या मठाचा मठाधिपती व्हावा असे होते. हे पद मानाचे होते, शिवाय मठाच्या जमिनी घराण्याच्या जमिनींना लागून होत्या. पण १२३९ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि पोप यांच्यातील वैर त्या मठापर्यंत येऊन पोहोचले, आणि थॉमसला नेपल्सच्या विद्यापीठात पाठवावे लागले. तिथे त्याच्या हाती ॲरिस्टॉटल पडला. पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांवर १२१० पासून बंदी घातली गेली होती. नेपल्स हे सम्राटाचे विद्यापीठ असल्याने तिथे ती अडचण नव्हती.

तिथेच १२४४ च्या सुमारास त्याने डॉमिनिकन संघात प्रवेश केला आणि घरात वादळ उठले. डॉमिनिकन म्हणजे भिक्षेवर जगणारे, गावोगाव पायी फिरून प्रवचने करणारे. सरदाराच्या मुलाने मठाधिपती होणे वेगळे आणि दारोदार भाकरी मागणे वेगळे. संघाने त्याला उत्तरेकडे धाडले, तेव्हा त्याच्या सख्ख्या भावांनी वाटेतच त्याला पकडून घरी आणले आणि सुमारे वर्षभर गढीत अडकवून ठेवले. भावांनी त्याचे मन वळावे म्हणून खोलीत एक स्त्री पाठवली आणि त्याने चुलीतले जळते लाकूड उचलून तिला पळवून लावले, अशी आख्यायिका चरित्रकार सांगतात. ती कितपत खरी मानायची हे ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यापेक्षा त्या वर्षभरातील कंटाळ्याचे कुतूहल अधिक आहे, कारण तो कोंडलेला काळ त्याने बायबल आणि पीटर लोम्बार्डचे धर्मशास्त्राचे पाठ्यपुस्तक घोकण्यात घालवला असे तेच चरित्रकार म्हणतात, आणि पुढच्या लेखनातील त्याची उद्धरणांची सहजता पाहिली की हे पटते.

सुटका झाल्यावर तो पॅरिसला आणि तिथून १२४८ मध्ये कोलोनला गेला. दोन्हीकडे त्याचा गुरू अल्बर्टस माग्नस होता. देहाने थोराड आणि वर्गात तोंड न उघडणारा म्हणून सहाध्यायी थॉमसला ‘मुका बैल’ म्हणत. एकदा त्याने दिलेले उत्तर ऐकून अल्बर्ट म्हणाला की याला तुम्ही मुका बैल म्हणता, पण याचे हंबरणे एक दिवस साऱ्या जगाला ऐकू जाईल. १२५६ मध्ये तो पॅरिसमध्ये धर्मशास्त्राचा आचार्य झाला. त्यानंतरची वर्षे ओर्व्हिएतो, रोम, पुन्हा पॅरिस आणि शेवटी नेपल्स अशी गेली. नेपल्सच्या आर्चबिशपपदासाठी पोपने विचारले तेव्हा त्याने नकार दिला. हे सारे स्थलांतर बहुतांशी पायी झालेले, आणि लेखन त्याबरोबर अखंड चाललेले. सुम्मामध्येच ५१२ प्रश्न आणि त्यांच्या पोटात २६६९ प्रकरणे आहेत, आणि तरीही तो ग्रंथ अपुरा आहे.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक प्रकरणाची रचना एकच असते. आधी ‘असे दिसते की’ म्हणून विरुद्ध पक्षाचे आक्षेप, बहुधा तीन. मग ‘परंतु याउलट’ म्हणून एखादे प्रमाणवचन. मग ‘यावर माझे उत्तर असे’ म्हणून स्वतःचे विवेचन, आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाला अनुक्रमाने उत्तर. ही रचना त्याने शोधून काढलेली नाही. विद्यापीठात आचार्यांच्या अध्यक्षतेखाली जाहीर वाद होत, त्यांचा हा लेखी साचा आहे. पण इतरांच्या हाती जो नुसता साचा राहिला, तो थॉमसच्या हाती शिस्त झाला असे मला वाटते. प्रतिपक्षाचे म्हणणे तो चेष्टेने किंवा अर्धवट मांडत नाही. कित्येकदा प्रतिपक्षाला स्वतःला सुचले नसते इतक्या नेटक्या शब्दांत मांडतो, आणि मग उत्तराला बसतो. त्याच्या इतर मतांपैकी अनेक मला पटत नाहीत. ही शिस्त मात्र पटते, आणि चर्चेला तिच्यापासूनच सुरुवात व्हावी अशी इच्छा आहे.

शंकेखोर

लेख वाचनीय आहे, पण मूळ मुद्द्यावरच शंका आहे. ज्याचा निर्णय आधीच ठरलेला आहे त्याने मांडलेला पूर्वपक्ष कितीही नेटका असला तरी तो शेवटी पडण्यासाठीच उभा केलेला असतो. हाच आरोप आपल्याकडील भाष्यकारांवरही होतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. ‘ईश्वर नाही असे दिसते’ असे लिहिणाऱ्या संन्याशाचे उत्तर ‘खरेच, नाही’ असे निघण्याची शक्यता किती होती? तेव्हा या शिस्तीचे कौतुक करताना ती कुंपणाच्या आतली शिस्त आहे हे लक्षात ठेवावे.

ओसरीवरून

शंकेखोर, कुंपण होते हे मान्य. पण दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, ईश्वराविषयीच्या त्याच प्रकरणात आक्षेप नेहमीसारखे तीन नसून दोनच आहेत. एक असा की परस्परविरुद्ध दोहोंपैकी एक अनंत असेल तर दुसऱ्याला जागाच उरत नाही; ईश्वर म्हणजे अनंत शिव; मग अशिव उरायला नको होते, पण ते तर दिसते; म्हणून ईश्वर नाही. दुसरा असा की जे थोड्या तत्त्वांनी सिद्ध होते त्यासाठी अधिक तत्त्वे मानू नयेत. निसर्गातल्या गोष्टी निसर्गाने आणि हेतुपुरस्सर केलेल्या गोष्टी माणसाच्या बुद्धीने व इच्छेने उलगडतात. मग ईश्वर कशाला? नैयायिक ज्याला लाघव म्हणतात तोच हा न्याय. साडेसातशे वर्षांनंतरचा नास्तिक आजही बहुधा हीच दोन कारणे पुढे करतो. पाडण्यासाठी उभे केलेले बुजगावणे इतके टिकाऊ नसते. खुद्द थॉमसने पहिल्या आक्षेपाला दिलेले उत्तर, म्हणजे अशिवातूनही शिव निर्माण करण्याइतका ईश्वर समर्थ आहे हे ऑगस्टिनचे म्हणणे, मला त्या आक्षेपापेक्षा दुबळे वाटते. पण दोन्ही शेजारी ठेवून मला तसे ठरवता आले, हे त्याच्याच मांडणीमुळे.

दुसरी गोष्ट, जगाच्या अनादित्वाची. ॲरिस्टॉटलच्या मते जगाला आरंभ नाही. बायबल म्हणते आहे. थॉमसची श्रद्धा बायबलवर होती, तरीही जगाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध करता येत नाही, ते केवळ श्रद्धेने मानायचे, असे त्याने स्पष्ट लिहिले आणि त्यावर एक स्वतंत्र प्रकरणग्रंथही रचला. आपल्याच पक्षातील मंडळी ज्या युक्तिवादाने आरंभ ‘सिद्ध’ करत होती तो युक्तिवाद लंगडा आहे, असे त्याने त्यांना सांगितले. लंगड्या युक्तिवादावर श्रद्धा उभारली तर परके हसतील, ही त्याची काळजी होती.

याची किंमत त्याला मोजावी लागली, फक्त मेल्यावर. पॅरिसच्या बिशपने १२७७ मध्ये २१९ विधाने निषिद्ध ठरवली. रोख मुख्यतः ॲरिस्टॉटलच्या कडव्या अनुयायांवर होता, पण काही विधाने थॉमसच्या मतांनाही चाटून गेली. पुढे १३२३ मध्ये त्याला संतपद मिळाले, आणि मग १३२५ मध्ये, त्याच्या शिकवणीला बाध येत असेल तेवढ्यापुरता, तो निषेध मागे घ्यावा लागला.

नदीकाठ

भाबडा प्रश्न : चेन्नईला ज्यांची टेकडी आहे ते संत थॉमस हेच का?

वसईचा वाटसरू

नदीकाठ, नाही. चेन्नईचे ते प्रेषित संत थॉमस, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, आणि त्यांचा सण ३ जुलैला येतो. हे संत थॉमस अक्वायनस त्यांच्यानंतर बारा शतकांनी झाले आणि यांचा सण २८ जानेवारीला असतो. पूर्वी तो त्यांच्या मृत्यूच्या तारखेला, ७ मार्चला होता. पण ती तारीख प्रायश्चित्तकाळात, म्हणजे उपवासाच्या दिवसांत येत असल्याने पुढे बदलली. २८ जानेवारी हा १३६९ मध्ये त्यांचे अवशेष फ्रान्समधील तुलूझ येथे आणले गेले तो दिवस.

धागाकर्त्यांनी तर्काची बाजू चांगली मांडली आहे, पण आमच्याकडच्या सामान्य भाविकाला संत थॉमस ग्रंथांतून माहीत नाहीत, गाण्यातून माहीत आहेत, आणि तेही नाव ठाऊक नसताना. १२६४ मध्ये चौथ्या अर्बन पोपनी ख्रिस्तशरीराचा सण साऱ्या चर्चसाठी लावून दिला, तेव्हा त्या सणाची उपासना आणि स्तोत्रे रचण्याचे काम थॉमस यांच्याकडे आले. त्यातील ‘पांजे लिंग्वा’ या स्तोत्राची शेवटची दोन कडवी ‘तांतुम एर्गो’ या शब्दांनी सुरू होतात, आणि पवित्र साक्रामेंताच्या, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेल्या भाकरीच्या, आशीर्वादाच्या वेळी ती जगभर म्हटली जातात. माझ्या आजीला लॅटिनचा एक शब्द कळत नव्हता. लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून, गुडघे टेकून, धुपाच्या वासात ती हे पूर्ण कडवे एकही अक्षर न चुकता म्हणत असे, आणि ‘जेनितोरी’ आले की आम्ही पोरे उठायची तयारी करत असू. ‘इंद्रिये जिथे उणी पडतात तिथे श्रद्धेने भर घालावी’ असा त्या कडव्यातील एका ओळीचा अर्थ आहे, हे मला चाळिशीत कळले. ज्यांनी आयुष्यभर तर्क केला त्यांनीच ती ओळ लिहिली आहे, म्हणून ती मला अधिक मोलाची वाटते.

आणखी एक गोष्ट पुण्याच्या वाचकांसाठी. तेरावे लिओ पोप यांनी १८७९ मध्ये परिपत्रक काढून संत थॉमस यांचे तत्त्वज्ञान कॅथलिक शिक्षणाचा पाया ठरवले आणि त्यांच्या समग्र ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू करून दिले. ते काम आजही संपलेले नाही. याच पोपनी भारतीय धर्मगुरू घडवण्यासाठी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडी येथे सेमिनरी उघडली, आणि तीच १९५५ मध्ये पुण्यात नगर रस्त्याला आली. रामवाडीजवळून जाता-येता ज्यांना ‘पेपल सेमिनरी’ ही पाटी दिसते त्यांना या धाग्याचा एक पदर घराजवळच सापडेल.

मांडवीकाठ

वर सगळे गोड चालले आहे म्हणून थोडे कडू लिहितो. मी गोव्याचा. आमच्याकडे १५६० मध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, आले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत राहिले. सुम्माच्या दुसऱ्या भागात पाखंड्यांविषयी जो प्रश्न आहे तो धागाकर्त्यांनी वाचला असेलच. खोटी नाणी पाडणाऱ्यांना राजा मृत्युदंड देतो; श्रद्धा भ्रष्ट करणे हा त्याहून मोठा गुन्हा; म्हणून वारंवार समज देऊनही न सुधारणाऱ्या पाखंड्याला चर्चने बहिष्कृत करून राजसत्तेच्या हवाली करावे, म्हणजे त्याला या जगातून नाहीसे केले जाईल. हे थॉमसने थंड डोक्याने, साच्यात बसवून, आक्षेप मांडून लिहिले आहे. पूर्वपक्षाची ती शिस्त इथे कोणाला वाचवू शकली?

मात्र त्याच्या शेजारीच दुसरे एक प्रकरण आहे, आणि मला त्याची गंमत नव्हे, चीड येते. ज्यांनी कधी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारलेलीच नाही त्यांच्यावर ती लादू नये, कारण श्रद्धा हा इच्छेचा विषय आहे, असे तो सांगतो. पुढे तर ज्यूंच्या मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देऊ नये, कारण बुद्धी येईपर्यंत मूल निसर्गन्यायाने आईबापांचे असते, असे ठणकावून म्हणतो. आणि १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या हुकमाने गोव्यातील अनाथ हिंदू मुले जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या सेंट पॉल महाविद्यालयाच्या ताब्यात देण्याचे ठरले, वाढवून ख्रिस्ती करण्यासाठी. काका-मामा जिवंत असोत वा नसोत. संताची मूर्ती वेदीवर ठेवणाऱ्यांनी त्याचे पहिले प्रकरण उचलले आणि दुसरे पोथीतच राहू दिले.

ओसरीवरून

मांडवीकाठ, पाखंड्यांवरील ते प्रकरण मी वाचले आहे आणि लेखात त्याचा उल्लेख टाळला ही माझी चूकच आहे. त्याचे समर्थन करणार नाही. ‘तो काळच तसा होता’ हे खरे असले तरी उत्तर म्हणून अपुरे आहे, कारण जगाच्या अनादित्वाच्या बाबतीत तो काळाच्या पुढे जाऊ शकला होता. नाण्यांची उपमा हीच त्या युक्तिवादातील कमकुवत कडी आहे. खोटे नाणे तपासायला कसोटी असते, आणि इथे कसोटीच वादाचा विषय आहे. इतके साधे पूर्वपक्षाचे वाक्य त्याला सुचू नये याचे नवल वाटते. तेव्हा शंकेखोर यांचे कुंपण मला आता अधिक स्पष्ट दिसते.

त्याच ग्रंथातील कायद्याच्या प्रकरणाचा उपयोग मात्र अगदी वेगळ्या माणसाने केला. कायदा म्हणजे समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने सर्वांच्या हितासाठी केलेली आणि जाहीर केलेली विवेकाची आज्ञा, अशी थॉमसची व्याख्या आहे; आणि जो निसर्गन्यायाला सोडून जातो तो कायदा नसून कायद्याचा विपर्यास, असे तो म्हणतो. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग यांनी वर्णभेदाचे कायदे मोडण्याच्या समर्थनार्थ थॉमसचाच आधार घेतला.

आडत

माझा धंदा धान्याचा, म्हणून एका प्रकरणाकडे लक्ष वेधतो. सुम्मामध्ये खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक प्रश्न आहे आणि त्यात हा दाखला येतो. एक व्यापारी दुष्काळी गावात गहू घेऊन पोहोचतो. भाव चढलेला आहे. मागून गव्हाच्या आणखी गाड्या येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला नाही. त्याने ते सांगितले पाहिजे काय? माल सडका असेल तर तो दोष सांगितलाच पाहिजे, हे थॉमसने आधीच म्हटले आहे. मागच्या गाड्यांच्या बाबतीत मात्र तो म्हणतो की भाव पुढे उतरणार आहे, आज उतरलेला नाही. म्हणून चालू भावाने विकणारा व्यापारी न्याय मोडत नाही. पण त्याने सांगितले, किंवा भाव थोडा कमी केला, तर ते अधिक सद्गुणाचे होईल, जरी न्यायाने तो बांधलेला नसला तरी.

गेली तीस वर्षे बाजार समितीत मी हा प्रश्न वेगवेगळ्या मालावर सोडवत आलो आहे, आणि माझे उत्तर दर वेळी एकच निघाले आहे असे नाही. मठात राहणाऱ्या माणसाला मागच्या गाड्यांचे गणित कळत होते, एवढेच आश्चर्य नोंदवतो.

पोथीनिष्ठ

चर्चा चांगली चालली आहे. शीर्षकात ‘पेंढा’ आहे आणि धाग्यात तो अजून आलाच नाही, म्हणून लिहितो.

६ डिसेंबर १२७३, संत निकोलसचा दिवस. नेपल्समध्ये सकाळची मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, अर्पण करताना थॉमसला काहीतरी झाले, आणि त्यानंतर त्याने लेखन थांबवले. सुम्माचा तिसरा भाग तिथेच प्रायश्चित्ताच्या प्रकरणांत तुटला. लेखनिक आणि सोबती रेजिनाल्ड याने पुन्हा पुन्हा विनवले तेव्हा तो म्हणाला की मी जे पाहिले आहे त्यापुढे मी लिहिलेले सारे मला ‘पालेआ’ वाटते. हे वचन आपल्यापर्यंत आले आहे ते १३१९ मध्ये संतपदासाठी नेपल्समध्ये झालेल्या चौकशीतील साक्षीतून, आणि साक्षीदाराने ते स्वतः ऐकलेले नव्हते. तरीही लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभावे असे ते आहे.

वाद ‘पालेआ’चा. इंग्रजीत ‘स्ट्रॉ’ म्हणतात, त्यावरून आपण ‘गवताची काडी’ म्हणून मोकळे होतो. लॅटिनमध्ये त्या शब्दात पेंढाही येतो आणि मळणीनंतर उडून जाणारे भुसकटही. मराठीत यांत फार अंतर आहे. ‘फोलपट’ म्हटले तर थॉमसने स्वतःचे लेखन पाखडून टाकले असे होईल. ‘पेंढा’ म्हटले तर दाणा काढून घेतल्यावर उरलेले, पण जनावराखाली अंथरता येणारे, छपरावर घालता येणारे, असे काहीतरी. धागाकर्त्यांनी ‘पेंढा’ निवडला आहे, तो जाणूनबुजून असावा.

ओसरीवरून

पोथीनिष्ठ, जाणूनबुजूनच. लेखात त्याचे विवेचन करायचे म्हणून शीर्षकात घातला, आणि लिहिताना ते राहून गेले. त्या दिवशी नेमके काय झाले, साक्षात्कार की अतिश्रमाने आलेला झटका, यावर अभ्यासकांत एकमत नाही. तो तीन-चार लेखनिकांना एकाच वेळी वेगवेगळे मजकूर सांगत असे, असे वर्णन आहे. त्याच्या स्वहस्ताक्षरातील ‘सुम्मा कोन्त्रा जेन्तीलेस’ या ग्रंथाची काही पाने व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. त्यांची छायाचित्रे मी पाहिली : अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखे, शब्द निम्मे तोडलेले, ओळीच्या ओळी खोडून पुन्हा लिहिलेल्या. त्या लिपीला जुन्या काळापासून ‘न वाचता येणारे अक्षर’ असेच म्हणतात. आक्षेप इतक्या शांतपणे मांडणारा माणूस मूळ कागदावर इतका घाईत होता, हे पाहून मला तो प्रथमच जवळचा वाटला.

वसईचा वाटसरू

शेवटच्या दिवसांची एक गोष्ट राहिली, आणि ती किनाऱ्यावरच्या माणसांनी सांगावी अशी आहे. १२७४ च्या आरंभी संत थॉमस ल्याँ येथील धर्मपरिषदेला निघाले आणि वाटेत आजारी पडून माएन्झा येथे भाचीच्या गढीत थांबले. अन्न जाईना. काय खावेसे वाटते असे विचारल्यावर त्यांनी ‘हेरिंग’चे नाव काढले, जे त्यांनी पॅरिसकडे खाल्ले होते आणि जे त्या भागात मिळत नव्हते. एवढ्यात एक मासळीवाला आला. त्याच्याजवळ तारल्यांच्या पाट्या होत्या, पण एक पाटी उघडली तर आत ताजे हेरिंग निघाले. मासळीवाला शपथेवर सांगत राहिला की मी तारल्याच घेऊन निघालो होतो. संतपदाच्या चौकशीत हा चमत्कार म्हणून नोंदवला गेला.

त्यानंतर त्यांना जवळच्या फोस्सानोव्हा मठात नेण्यात आले आणि ७ मार्चला तिथेच त्यांचे निधन झाले. तारली आणि हेरिंग एकाच कुळातले मासे आहेत. माझ्या आजीला ही गोष्ट सांगितली असती तर तिने पहिल्यांदा मासळीवाल्यालाच धारेवर धरले असते.